जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्‌स गाडीला रेडिएटर काऊल बसवताना

जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्‌स गाड्या सांभाळणाऱ्या वाचकांकडून एक प्रश्न सतत येत असतो. गाडी गरम होते. क्लबातल्या कुणीतरी ‘काऊल लावून टाका’ असा सल्ला दिलेला असतो. मग इंग्लंडमधल्या विक्रेत्याची यादी उघडावी, तर त्या एका नावाखाली तीन-चार निरनिराळ्या वस्तू: एक पुठ्ठ्याची, एक ॲल्युमिनियमची, एक प्लॅस्टिकची आणि एक तर भलत्याच जागी बसणारी. यातली घ्यायची कोणती? त्यासाठी गाडीची पुढची बाजू कापावी लागते का? गॅरेजवाला म्हणतो, विजेचा पंखा लावा, काऊलची गरजच नाही. त्याचं ऐकावं का?

एमजी, ट्रायम्फ, ऑस्टिन-हीली, जॅग्वार यांचे मराठी मालक मुंबई-पुण्यात आहेत, तसे ब्रिटनमध्येही आहेत. दोघांनाही उपयोगी पडेल असं इथे सांगतो आहे. मद्रासमध्ये बनलेली स्टँडर्ड हेरल्ड ज्यांनी अजून चालती ठेवली आहे, त्यांनीही हे वाचावं. ट्रायम्फ स्पिटफायर हेरल्डच्याच चासीवर बेतलेली आहे, त्यामुळे बरंचसं दोघींना लागू पडतं.

सुरुवातीलाच एक गोष्ट लक्षात घ्या. काऊल पाणी थंड करत नाही. जाळीतून आत आलेली हवा इकडेतिकडे न पळता रेडिएटरच्या कोअरमधूनच जावी, एवढंच त्याचं काम. तुमच्या गाडीत हवा निसटतच नसेल, तर कितीही महागडं काऊल लावा, टेंपरेचरचा काटा आहे तिथेच राहील. म्हणून हवा कुठून निसटते ते आधी शोधायचं आणि खरेदी शेवटी करायची.

नेमकी कोणती वस्तू हवी आहे?

ऑर्डर देताना होणाऱ्या चुका बहुतेक इथेच होतात. काऊल म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तू अशा:

- पुढचं काऊल. हे जाळी आणि रेडिएटर यांच्यामधली मोकळी जागा वरून आणि बाजूंनी बंद करतं. ट्रायम्फ टीआर मालिकेत कारखान्यातूनच ते जाड पुठ्ठ्याचं येत असे. पन्नास-साठ वर्षांत पुठ्ठा भिजून फाटतो, कुणीतरी दुरुस्तीच्या वेळी काढून ठेवतो आणि परत लावत नाही. आज रस्त्यावर असलेल्या कितीतरी टीआर गाड्यांत ते नाहीच.
- पंख्याचं श्राउड. हे रेडिएटरच्या मागे, इंजिनाच्या बाजूला, पंख्याभोवती बसतं. पंखा फक्त आपल्या पात्यांसमोरच्या गोलातून नव्हे, तर सगळ्या कोअरमधून हवा ओढू शकतो तो यामुळे.
- बाहेरचं कवच. एमजी टीसी आणि टीडीसारख्या गाड्यांत रेडिएटरभोवती जे चकचकीत क्रोमचं आवरण दिसतं ते. हे गाडीचा चेहरा आहे, थंडाव्याशी त्याचा संबंध थोडाच.

काही गाड्यांच्या बाबतीत विशेष जपा. मॉर्गनच्या मंडळींत काऊल म्हणजे १९५० च्या दशकात सपाट रेडिएटरच्या जागी आलेलं नाकाडाचं गोलाकार बॉडीवर्क. ऑस्टिन-हीलीत श्राउड म्हणजे पुढचं किंवा मागचं ॲल्युमिनियमचं अख्खं पॅनेल. पंख्याभोवतीचं श्राउड मागवायला जाल आणि किमतीचा आकडा पाहून डोळे फिरतील. ऑर्डरमध्ये नुसतं नाव लिहू नका. पार्ट नंबर लिहा, चासी नंबर द्या आणि आपल्या गाडीच्या पुढच्या भागाचे दोन फोटो सोबत पाठवा.

या लेखात यापुढे पुढच्या भागाला काऊल आणि मागच्याला श्राउड म्हटलं आहे.

गाडी कधी गरम होते?

पैसे खर्च करण्याआधी याचं उत्तर हातात असायला हवं. आठवडाभर काट्यावर लक्ष ठेवा आणि केव्हा, कुठे, किती वेगात तो वर गेला ते लिहून काढा.

सिग्नलला, रॅलीच्या रांगेत, सावकाश चालताना काटा चढतो आणि रस्ता मोकळा मिळाला की खाली येतो, असं असेल तर हवा ओढण्याचं काम कमी पडतंय. पंखा, फॅनबेल्ट आणि श्राउड इकडे पाहा.

ताशी ८०-९० किलोमीटरने सरळ जाताना काटा हळूहळू चढत राहतो, असं असेल तर पंख्याचा दोष नाही. त्या वेगाला पंख्याची गरजच नसते. मग एक तर समोरून येणारी हवा कोअरला वळसा घालून जाते आहे, म्हणजे काऊल हवं. नाहीतर रेडिएटर आतून चोंदला आहे, इग्निशनचं टायमिंग मागे पडलं आहे, कार्बोरेटर पेट्रोल कमी देतो आहे किंवा हेड गॅस्केट गळतं आहे.

खंडाळ्याचा घाट चढताना दोन्ही एकदम होतं. गिअर दुसरा, इंजिनावर भार पूर्ण, वेग मात्र कमी. वारा पाठीमागून असेल तर जाळीतून येणारी हवा आणखी घटते. घाटात एखाद्या वेळी काटा चढला आणि पलीकडे उतरल्यावर खाली आला, तर घाबरून काही विकत घेऊ नका.

पुष्कळ जण सांगतात की ट्रॅफिकमध्ये गरम होत असेल तर पुढच्या काऊलचा काही उपयोग नाही. हे मला पटत नाही. उभ्या गाडीत पंखा कोअरमधून तापलेली हवा इंजिनावर फेकतो. बोनेटखाली ती कोंडते आणि रेडिएटरच्या वरच्या व बाजूच्या फटींतून पुन्हा पुढे येते. पंखा तीच गरम हवा पुन्हा आत ओढतो. ही फेरी चालू राहिली की काटा चढतच जातो. पुढचं काऊल हा परतीचा रस्ताही बंद करतं. फटी मोठ्या असतील तर ट्रॅफिकमध्येसुद्धा त्याने फरक पडतो.

काऊलच्या आधी करायची कामं

यातलं एकही काम टाळून काऊल लावलं, तर बिघाड नुसता झाकला जातो.

काटा खरं बोलतो का ते आधी तपासा. जुन्या स्मिथ्स काट्याची बल्बची नळी असेल, तर बल्ब मोकळा करून उकळत्या पाण्यात धरा आणि काटा कुठे जातो ते पाहा. नळी फार वाकवू नका, ती तुटली की मीटर गेलंच. विजेवर चालणारा काटा असेल तर इन्फ्रारेड थर्मामीटरने थर्मोस्टॅटच्या घराचं तापमान मोजून ताडून बघा. नव्वद अंश सेल्सिअसच्या थोडं वर जाणं म्हणजे इंजिन उकळणं नव्हे. रेडिएटरच्या झाकणाचा दाब एक पौंडाने वाढला की पाण्याचा उत्कलनबिंदू सुमारे दीड अंशाने वर जातो, म्हणून झाकण मात्र गाडीच्या पुस्तकात दिलेल्या दाबाचंच घ्या.

थर्मोस्टॅट पाहा. एमजीबीसाठी ७४, ८२ आणि ८८ अंश सेल्सिअसचे थर्मोस्टॅट मिळतात. ८२ सर्वसाधारण, ७४ उष्ण देशांसाठी, ८८ कडक थंडीसाठी. इंग्लंडहून आलेल्या गाडीत ८८ चा निघाला तर नवल नाही. थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. चार सिलिंडरच्या जुन्या टीआरमध्ये मूळ थर्मोस्टॅटला एक बाही असते. गरम झाल्यावर ती बायपासचं तोंड झाकते. बाही नसलेला आधुनिक थर्मोस्टॅट बसवला की गरम पाण्याचा काही भाग रेडिएटरकडे न जाता तसाच इंजिनात परततो.

आणि समोरची जाळी मोकळी करा. बिल्ल्यांची पट्टी, दोन मोठे फॉगलाइट, जाळीवर मधोमध बांधलेली रॅलीची पाटी, हे सगळं येणाऱ्या हवेच्या वाटेत उभं असतं. रॅली संपली की पाटी त्याच दिवशी उतरवा.

पुढचं काऊल: मटेरियल कोणतं घ्यावं?

पुठ्ठा, ॲल्युमिनियम, प्लॅस्टिक आणि फायबरग्लास असे पर्याय मिळतात. मॉस आणि रिमर ब्रदर्स यांसारख्या ब्रिटनमधल्या विक्रेत्यांकडे टीआरसाठी तयार काऊल मिळतं. टीआर रजिस्टर किंवा एमजी कार क्लबच्या सभासदांकडून आपल्या मॉडेलचा नेमका पार्ट नंबर आधी विचारून घ्या.

गाडी मूळ रूपात जपायची असेल आणि ती बहुतेक गॅरेजमध्येच उभी राहणार असेल, तर पुठ्ठ्याचंच घ्या. तो कारखान्याचा तपशील आहे आणि स्पर्धेत परीक्षक तो पाहतात. मात्र बसवण्याआधी दोन्ही बाजूंना आणि विशेषतः सगळ्या कडांना व भोकांच्या आतून वॉर्निशचे दोन हात द्या. पुठ्ठा कडेतून पाणी पितो. कोकणात किंवा मुंबईत गाडी ठेवणाऱ्यांनी हे केलं नाही, तर एका पावसाळ्यात तो लोंबू लागतो आणि पंख्याकडे झुकला तर धोकाही असतो.

वर्षभर गाडी चालवणाऱ्यांनी ॲल्युमिनियम घ्यावं असं माझं मत आहे. सव्वा मिलिमीटरच्या आसपास जाडीचा पत्रा पुरतो. त्याहून पातळ असेल तर तो थरथरतो आणि कडेला चिरा जातात. ॲल्युमिनियम थेट पितळी किंवा तांब्याच्या रेडिएटरला किंवा लोखंडी बॉडीला टेकू देऊ नका. ओलाव्यात दोन धातूंच्या जोडावर गंज धरतो. मध्ये रबराचा वॉशर किंवा पट्टी हवीच.

स्थानिक पत्रा काम करणाऱ्याकडून बनवून घेतलं तर ते सर्वांत स्वस्त पडतं आणि आपल्याकडे ही कारागिरी उत्तम मिळते. त्याला नुसती मापं देऊ नका. कडक पुठ्ठ्याचा पूर्ण साचा कापून, गाडीवर लावून, बोनेट बंद करून पाहा आणि तो साचा द्या. जुन्या फाटक्या पुठ्ठ्याचा तुकडा हाती असेल तर तो फेकू नका. भोकांच्या जागा त्यावरूनच कळतात.

बसवण्याची पद्धत

पुढच्या काऊलसाठी बहुधा रेडिएटर काढावा लागत नाही. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या आणि बॅटरीची तार सोडा.

१. अंधारात गाडी उभी करा. बोनेटखाली, रेडिएटरच्या मागे एक दिवा ठेवा, बोनेट बंद करा आणि जाळीतून आत पाहा. कोअरच्या बाहेर जिथे जिथे उजेड दिसेल, तिथून हवा निसटते. खडूने खुणा करा. वर, दोन्ही बाजूंना आणि खाली, चारही कडा बघा.

२. हॉर्न, बोनेटची केबल, ऑइल कूलरच्या नळ्या आणि कार्बोरेटर किंवा इंधन-यंत्रणेसाठी हवा ओढणारी नळी असेल तर ती, हे सगळं कुठून जातं ते पाहून ठेवा. काऊलने यातलं काही दाबता कामा नये. बोनेटची केबल अडकली तर बोनेट उघडणंच मुश्कील होतं.

३. काऊल काही न कापता, काही न वाकवता, नुसतं जागेवर लावून पाहा. बसत नसेल तर इथेच थांबा आणि विक्रेत्याला फोटो पाठवा. कापल्यावर परत करता येणार नाही.

४. पुठ्ठ्याचं असेल तर घडीच्या रेषेवर बोथट धारेने आतून हलकी खाच पाडा आणि मग वाकवा. सरळ वाकवलं की वरचा थर फुटतो.

५. कारखान्याच्या मूळ भोकांमध्येच स्क्रू बसवा. भोकं रंगाखाली किंवा अंडरकोटिंगखाली दडलेली असतात, बोट फिरवून शोधा. बॉडीत नवी भोकं पाडणं हा शेवटचा उपाय.

६. कोअरच्या कडेला आणि बोनेटला टेकणाऱ्या कडेला फोमची किंवा रबराची पट्टी लावा. बोनेट बंद करताना पट्टी किंचित दबली पाहिजे, पण बोनेट उचललं जाता कामा नये. हेरल्ड आणि स्पिटफायरमध्ये पुढचा सगळा भागच समोर कलंडतो, म्हणून तिथे मऊ पट्टी घ्या आणि तो सावकाश दोन-तीनदा उघडझाप करून कुठे घासतं ते पाहा.

एमजीबीच्या मालकांना बऱ्याचदा नवं काऊल लागतच नाही. १९७६ पर्यंतच्या गाड्यांत रेडिएटर एका आडव्या पत्र्याच्या पॅनेलमध्ये बसलेला असतो आणि ते पॅनेलच अडसराचं काम करतं. त्याच्या वरच्या कडेवरची बोनेटला टेकणारी पट्टी बहुतेक गाड्यांतून गळून गेलेली असते, आणि ऑइल कूलरच्या नळ्या जातात त्या भोकांतले रबरी ग्रॉमेटही. थोड्या पैशांत एवढंच पूर्ववत करा आणि मग काटा पाहा.

स्क्रू-बोल्टच्या आट्यांबद्दल एक इशारा. युद्धोत्तर ट्रायम्फ आणि एमजीबीत बहुतेक बोल्ट यूएनएफ आट्यांचे आहेत. पाच-सोळांश इंची यूएनएफच्या भोकात आठ मिलिमीटरचा बोल्ट सुरुवातीचे एक-दोन फेरे घेतो, मग अडतो, आणि जोर लावला की आटे जातात. एमजी टीसी-टीडीच्या इंजिनात तर आटे मेट्रिक आणि बोल्टची डोकी व्हिटवर्थ मापाची, चासीवर बीएसएफ. जो बोल्ट काढाल तो त्याच भोकाच्या नावाने पिशवीत ठेवा.

पंख्याचं श्राउड: मापात चूक चालत नाही

श्राउड नीट बसलं तर हळू चालणाऱ्या गाडीला त्यासारखा दुसरा उपाय नाही, आणि चुकीचं बसलं तर पंख्याचं पातं तुटून रेडिएटरमध्ये शिरू शकतं. हे काम घाईत करू नका.

पात्याची जाडी बाजूने मोजा. त्यातली निम्मी श्राउडच्या गोलाच्या आत आणि निम्मी बाहेर इंजिनाकडे असावी. पातं पूर्ण आत गेलं की हवा बाजूला फेकली न जाता तिथेच घोळते. कोअरच्या पृष्ठभागापासून पात्यापर्यंत शक्य तेवढं अंतर ठेवा, म्हणजे हवेला चारही कोपऱ्यांतून गोळा व्हायला जागा मिळते.

पात्याचं टोक आणि श्राउडची कड यांतल्या अंतरावर सर्वांत जास्त लक्ष द्या. टीआर २ पासून टीआर ६ पर्यंत पंखा वॉटर पंपावर नसून थेट क्रँकशाफ्टच्या पुढच्या टोकाला बसवलेला आहे. म्हणजे पंखा इंजिनासोबत हलतो आणि श्राउड रेडिएटरसोबत, बॉडीला धरून स्थिर राहतं. इंजिन रबराच्या माउंटिंगवर असतं. ॲक्सिलरेटर दाबला की ते एका बाजूला कलतं, जोरात ब्रेक लावला की पुढे सरकतं. म्हणून अशा गाडीत चहूबाजूंनी साधारण एक इंच, म्हणजे पंचवीस मिलिमीटर अंतर ठेवा. कागदावर हे अंतर फार वाटतं. माउंटिंगची रबरं जुनी झाली असतील तर आधी ती बदला, मगच श्राउडची मापं घ्या. नवी रबरं टाकली की इंजिन वर उचललं जातं आणि आधी घेतलेलं मध्य चुकतं.

१९७६ पर्यंतच्या एमजीबीत पंखा वॉटर पंपावर आहे, पण वॉटर पंपही इंजिनावरच, त्यामुळे नियम तोच. तिथे श्राउड बसवायला रेडिएटर आणि त्याचं पॅनेल एकत्र बाहेर काढणं सोयीचं पडतं. कूलंट निथळायला स्वच्छ भांडं ठेवा. कूलंट विषारी आणि चवीला गोड असतं, कुत्र्या-मांजरांच्या तोंडी लागू देऊ नका.

टीआर २ आणि टीआर ३ च्या रेडिएटरला हँडल मारण्यासाठी मधून भोक असतं. ते वापरायचं असेल तर काऊलमध्येही तेवढी वाट ठेवा.

श्राउड बसवल्यावर बॅटरी जोडण्याआधी हाताने इंजिन फिरवून पंख्याचे पूर्ण फेरे घ्या. मग पात्यांची तपासणी करा. जुन्या प्लॅस्टिकच्या पंख्यांचं प्लॅस्टिक वयानुसार ठिसूळ होतं. मुळाशी केसासारखी रेघ दिसली तरी पंखा बदला. धातूच्या पात्यांवर रिव्हेटच्या भोवती चिरा शोधा. पंखा उलटा बसवला असेल तर तो फिरतो, हवाही ढकलतो, पण खूपच कमी. पात्याचा खोलगट भाग कोणत्या बाजूला आहे ते पुस्तकातल्या चित्राशी ताडून पाहा.

विजेचा पंखा लावायचा असेल तर

गॅरेजवाल्याचा हा सल्ला सरसकट चूक नाही. ट्रॅफिकमध्ये विजेचा पंखा चांगला चालतो. ई-टाइपला तो कारखान्यातूनच होता आणि एमजीबी जीटी व्ही८ ला दोन होते. पण तो लावला म्हणून पुढच्या फटी बुजत नाहीत. काऊलची गरज राहतेच.

पंखा लावण्याआधी तीन गोष्टी पाहा.

तुमच्या गाडीला डायनॅमो आहे की ऑल्टर्नेटर? लुकासचा सी-४० डायनॅमो जास्तीत जास्त २२ अँपिअर देतो. हेडलाइट, वायपर आणि पंखा एकदम चालले तर बॅटरीतून खर्च होऊ लागतो. पावसाळी रात्री सिग्नलला हीच वेळ येते.

अर्थिंग पॉझिटिव्ह आहे की निगेटिव्ह? १९६७ पर्यंतच्या एमजीबी आणि त्याआधीच्या बहुतेक ब्रिटिश गाड्या पॉझिटिव्ह अर्थच्या आहेत. पंख्याच्या तारा आजच्या सवयीने लाल-काळ्या जोडल्या, तर तो उलटा फिरेल आणि हवा बाहेर फेकेल. जोडणी झाल्यावर हातात कागद धरून हवा कुठल्या दिशेला जाते ते पाहायलाच हवं. पंख्यासाठी स्वतंत्र फ्यूज आणि रिले घाला, जुन्या स्विचमधून तो भार नेऊ नका.

कोअरमधून आरपार जाणाऱ्या प्लॅस्टिकच्या बांधण्यांनी पंखा बसवू देऊ नका. स्वस्त किटमध्ये त्याच दिलेल्या असतात. पंख्याच्या थरथरीने त्या बांधण्या कोअरच्या नळ्यांना घासत राहतात आणि काही महिन्यांत गळती सुरू होते. रेडिएटरच्या बाजूच्या चौकटीला ब्रॅकेट करून घ्या.

टीआरचा मूळ पंखा काढून टाकायचा असेल तर क्रँकशाफ्टच्या टोकाचा लांब बोल्टही बदलावा लागतो. टीआर जाणणाऱ्या मेकॅनिकशिवाय ते करू नका. काढलेले सगळे भाग एका खोक्यात जपून ठेवा.

काम झालं का, हे कसं ओळखाल?

गाडी गरम करून सुरूच ठेवा, हँडब्रेक लावा आणि जाळीसमोर वर्तमानपत्राचा एक पूर्ण ताव धरा. श्राउड नीट असेल तर कागद कोअरच्या चारही कोपऱ्यांवर सपाट चिकटतो. मध्येच चिकटला आणि कोपरे फडफडले, तर श्राउड आणि कोअर यांच्यामध्ये फट आहे. मग लोकरीचे बोटभर धागे काठीच्या टोकाला बांधून काऊलच्या कडांजवळ फिरवा. धागा पुढे, तुमच्याकडे उडाला तर तिथून गरम हवा परत येते आहे. हात आणि सैल कपडे पंख्यापासून दूर ठेवा. काही जण उदबत्तीच्या धुराने हे पाहतात. कार्बोरेटरजवळ जळती वस्तू नेऊ नका.

मग आधी जिथे काटा चढत होता, त्याच रस्त्याने, शक्यतो त्याच वेळेला गाडी चालवा. काटा पूर्वीइतकाच चढला, तर तुमचा दोष हवेचा नव्हता. रेडिएटर सोडवून आतून तपासून घ्या.

खरेदी, परतावा आणि बिल

ब्रिटनमध्ये राहत असाल आणि ऑनलाइन मागवलं असेल, तर वस्तू हाती आल्यापासून १४ दिवसांत कारण न देता खरेदी रद्द करण्याचा अधिकार तुम्हाला आहे. वस्तू सदोष निघाली तर ३० दिवसांत नाकारून पूर्ण पैसे परत मागता येतात. मात्र तुमच्या मापांवर खास बनवून घेतलेल्या वस्तूला १४ दिवसांची सवलत लागू होत नाही. ॲल्युमिनियमची बरीच काऊल मागणीनुसार बनतात, म्हणून ऑर्डर देतानाच विचारून घ्या.

भारतात मागवणार असाल तर वस्तूच्या किमतीत टपाल आणि सीमाशुल्क धरून हिशेब करा. परत पाठवण्याचा खर्च कुणाचा, हे पैसे भरण्याआधी ईमेलवर लिहून घ्या. मोठं, पोकळ काऊल पाठवणं वजनापेक्षा आकारामुळे महाग पडतं. क्लबातल्या दोघा-तिघांनी मिळून मागवलं तर परवडतं.

गॅरेजकडून बसवून घेत असाल तर लेखी अंदाजपत्रक मागा, पक्कं बिल घ्या, काढलेले जुने भाग परत मागा आणि काम सुरू होण्याआधी पुढच्या भागाचे फोटो काढा. पैसे देऊन घेतलेली दुरुस्ती ही भारतात ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवा आहे. कामात कसूर झाली आणि गॅरेज दाद देत नसेल, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. त्याने भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येतं, आणि आता तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही तक्रार दाखल करता येते. बिल नसेल तर हे सगळं अवघड होतं.

नोंदणी आणि मूळ रूप

भारतात २०२१ पासून पन्नास वर्षांहून जुन्या खासगी गाड्यांची व्हिंटेज म्हणून स्वतंत्र नोंदणी होते. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, दहा वर्षांनी पुनर्नोंदणीचं ५,००० रुपये. अट अशी की गाडी मूळ रूपात असावी आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. मूळ भोकांत स्क्रूने बसवलेलं, केव्हाही काढता येणारं काऊल या अटीच्या आड येत नाही. मोठा रेडिएटर मावावा म्हणून पुढचं पॅनेल कापलं किंवा चासीची आडवी पट्टी कमी केली, तर तुम्ही स्वतः अडचण ओढवून घेता. असं काम सुचवणाऱ्या मेकॅनिकला सरळ नाही म्हणा. व्हिंटेज नोंदणीची गाडी रोजच्या वापरासाठी नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणं, देखभाल अशा ठरावीक कामांपुरतीच ती रस्त्यावर आणता येते, तेव्हा काऊलची चाचणीही देखभालीच्या फेरीतच उरका.

ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांहून जुन्या गाडीला वार्षिक एमओटी तपासणीतून सूट मिळते, पण मोठे बदल झालेले नसतील तरच. त्यात चासी, ॲक्सल आणि इंजिन पाहिलं जातं. काऊल किंवा श्राउड बसवल्याने ही सूट जात नाही. विमा कंपनीला मात्र विजेचा पंखा किंवा ऑल्टर्नेटरसारखा बदल लेखी कळवा आणि त्यांचं उत्तर पॉलिसीसोबत ठेवा.